कचऱ्याला जागा हवी, म्हणून आमचीच जमीन?



गणपती गेले. पेण, हमरापूर, जोह्याच्या कारखान्यांत महिनोन्‌महिने राबून हातपाय पांढरे झालेली आपली माणसं घरी आली. वरकस रानावर नाचणी-वरी उभी आहे, खाचरात भात निसवतंय. अजून महिनाभरानं कापणी, मग दिवाळी, आणि दिवाळी झाली की निम्म्याअधिक वाड्या वीटभट्टीच्या वाटेला. म्हणजे एकत्र बसून बोलायला वेळ आहे तो आत्ताच. म्हणून या अंकात पट्टे, दावे, मोजणी बाजूला ठेवून कचऱ्यावर लिहितोय. कुणी म्हणेल, जमिनीची लढाई सोडून यांनी झाडू कुठं हातात घेतला? शेवटपर्यंत वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. ही जमिनीचीच गोष्ट आहे.

गेल्या महिन्यात एका वाडीवरून निरोप आला. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असा निरोप उद्या पेण-रोह्याच्या कुठल्याही वाडीवरून येऊ शकतो. चार माणसं टेप घेऊन आली, ओहोळाच्या वरच्या अंगाची जागा मोजली, दोन दगडांना चुना लावला नि निघाली. बायांनी विचारलं, कसली मोजणी? उत्तर मिळालं, "कचऱ्याचं शेड होणार, शासनाची योजना आहे. जागा ओसाडच आहे. तुमच्यातल्या दोघांना रखवालदाराचं काम लागेल."

जागा ओसाड! त्या जागेवर वाडीतल्या सात घरांची दळी आहे. आज्या-पणज्यापासून तिथं नाचणी पिकते. वनहक्काचे दावे टाकलेत, अजून निकाल नाही. त्याच्या खालच्या अंगाला झरा आहे, आणि मार्च-एप्रिलात विहीर आटली की अख्खी वाडी त्याच झऱ्यावर जगते.

रात्री वाडीत बैठक झाली. आम्ही गेलो होतो. एक म्हातारी बोलली ते जसंच्या तसं सांगतो: "आमचा कचरा काय? राख नि शेण. ती आमी शेतात घालतो. बाजाराची घान आमच्या डोईवर कशापायी?" पण त्याच बैठकीत एक तरुण उठला नि म्हणाला, "दोघांना तरी काम लागंल ना? भट्टीवर मुकादमाच्या शिव्या खान्यापरीस बरं." त्याला कुणी गप्प बसवलं नाही, ते बरं झालं. त्याचा प्रश्न खोटा नाही. उचल घेऊन सहा महिने भट्टीवर जाणाऱ्या पोराला घराजवळच्या कामाची ओढ असणारच. म्हणून या लेखात त्या म्हातारीच्या प्रश्नाचंही उत्तर द्यायचं आहे आणि त्या पोराच्याही.

ओसाड कुणी ठरवलं?

कचरा नेहमी उताराकडे जातो. पाणी जमिनीचा उतार बघतं, कचरा माणसाचा उतार बघतो. ज्याचा आवाज लहान, ज्याच्याकडे सातबारा नाही, ज्याची वाडी गावठाणात धरलेली नाही, त्याच्या दारात तो जाऊन थांबतो. पूर्वी गावाची घाण गावकुसाबाहेर टाकत, आणि तिथं कोण राहत होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आता गावकूस राहिलं नाही, पण रीत तीच आहे.

कागद बघा. आपली दळी कागदावर 'वन'. आपलं गुरचरण कागदावर 'सरकारी पड'. कित्येक कातकरवाड्या पिढ्यान्‌पिढ्या खाजगी मालकाच्या जागेवर, म्हणजे कागदावर त्या वाड्याच नाहीत. जिथं माणूस कागदावर दिसत नाही ती जागा ओसाड. आपण तिथून शेवळं आणतो, टाकळा-कुर्डूची भाजी आणतो, करांदे खणतो, पहिल्या पावसात मुठे धरतो. यातलं काहीच मोजणीच्या वहीत येत नाही.

हेच आपण आधीही पाहिलं. पेण तालुक्यात सेझसाठी जमीन मागितली तेव्हाही 'विकास' हाच शब्द होता. 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत मत घ्यायला सरकारला भाग पाडलं ते लोकांनी. त्या वेळी प्रश्न पिकत्या जमिनीचा होता, म्हणून दूरवर गाजला. दळीच्या जमिनीवर कचरा आला तर ते कुठल्याही पेपरात येणार नाही. ते आपल्यालाच बोलावं लागेल.

हा कचरा येतो कुठून?

मुंबई-गोवा हायवे आपल्या दारातून जातो. वडखळ, नागोठणे, कोलाड, दोन्ही बाजूंनी हॉटेलं, ढाबे. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला माणसं येतात, नदीकाठी रिसॉर्टं उभी राहिली. शनिवार-रविवार झाला की सोमवारी ओहोळात बाटल्या, प्लेटी, चिप्सच्या पिशव्या. पेण आणि रोहा ही शहरं वाढली. त्यांच्या आसपासच्या ग्रामपंचायतीत इमारती झाल्या, पण कचरा कुठं न्यायचा याचा विचार इमारती झाल्यावर सुरू झाला.

पेणच्या गणपतीचं नाव जगभर आहे. त्यात आपल्याही हातांची मेहनत आहे. पण शाडूच्या मातीच्या जागी प्लास्टर आलं. शाडू पाण्यात विरघळते, फुटलेली मूर्ती पुन्हा भिजवून वापरता येते. प्लास्टर एकदा घट्ट झालं की तसं होत नाही. फुटके साचे, तुटके हात-पाय, रंगाचे डबे हे सगळं कुठंतरी जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे 2020 मध्ये मूर्ती विसर्जनाचे जे सुधारित नियम काढले त्यात प्लास्टर नको म्हटलं आहे. कारखानदार म्हणतात पोटावर पाय येतो, आणि कारागिराचं पोट आम्हालाही कळतं. पण तो तुटका माल आपल्या शेताच्या बांधाला येऊन पडायचं कारण नाही.

आणि रोह्याला धाटावची औद्योगिक वसाहत. इथला कचरा वेगळा. हा डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळतो. केंद्रीय मंडळानं 2018 मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यात महाराष्ट्रातले 53 पट्टे होते आणि त्यात आपली कुंडलिका होती. कारखान्याच्या घातक कचऱ्याला 2016 चे वेगळे नियम आहेत. तो उघड्यावर टाकायचाच नाही, त्यासाठी आपल्याच जिल्ह्यात तळोज्याला वेगळी सोय केलेली आहे. तिथं न्यायला पैसे पडतात, आणि रात्रीच्या अंधारात ओहोळात सोडायला पडत नाहीत. सगळे कारखाने तसं करतात असं आम्ही म्हणत नाही. पण रात्री टँकर उभा दिसला तर काय करायचं ते प्रत्येक वाडीला ठाऊक हवं: जवळ जाऊ नका, हात लावू नका, वास घेऊ नका. गाडीचा नंबर, वेळ, जागा लिहा, लांबून फोटो काढा. सकाळी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, तहसीलदार आणि पोलिस ठाणे अशा तिन्हीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

अजून एक. केमिकलचे निळे पिंप बाजारात स्वस्त मिळतात आणि आपण ते धुऊन पाणी भरतो. साबणानं वास जातो, विष जाईलच असं नाही. पिण्याच्या पाण्याला तो पिंप वापरू नका.

दुसऱ्यांनी काय भोगलं?

पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावं आहेत. 1991 पासून पुणे शहराचा कचरा तिथं पडू लागला. तिथंही लोकांना वाटलं होतं, कोपऱ्यात पडेल. मग कचऱ्याचे डोंगर झाले. पावसाचं पाणी डोंगरातून मुरलं, काळं होऊन खाली उतरलं आणि विहिरी नासल्या. बागायती गावांना टँकरचं पाणी प्यावं लागलं. त्या लोकांनी रस्त्यावर बसून गाड्या अडवल्या, एकदा नाही, वर्षानुवर्षं. शेवटी 2017 मध्ये ती गावंच पुणे महापालिकेत घेतली गेली.

मुंबईचं देवनार 1927 पासून कचरा खातंय. जानेवारी 2016 मध्ये तिथं आग लागली, धूर कित्येक दिवस हटला नाही, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. देवनारच्या आसपास कोण राहतं? गरीबच राहतात.

यातून शिकायचं ते एवढंच. कचऱ्याचा ढीग कधीच 'तात्पुरता' नसतो. एकदा गाडी येऊ लागली की ती थांबत नाही, उलट दुसऱ्या गावाचीही येऊ लागते. आणि ढिगाच्या खाली पाणी असेल तर आधी पाणी जातं, मग गुरं, मग माणसं. प्लास्टिक खाल्लेली गाय पोट फुगून मरते ती आपण पाहिली आहे. भट्टीवरून आणलेल्या पैशातून घेतलेली गाय अशी गेली की तो पैसाही गेला.

त्या तरुण साथीला म्हणूनच विचारायचं: दोघांना रखवाली मिळेल, पण सात घरांची नाचणी आणि चाळीस घरांचं पाणी त्याच्या बदल्यात देणार का? आणि ती दोन कामं कायमची, लेखी, किमान वेतनाची, की ठेकेदाराच्या तोंडी शब्दावरची? हे आधी कागदावर मागा. कागद आला नाही, तर उत्तर मिळालंच.

कायदा काय म्हणतो?

रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणून पालघर-नाशिकच्या आदिवासींना जो पेसा कायदा लागतो तो आपल्याला लागत नाही. हे आपलं दुखणं जुनं आहे. पण 2006 चा वनहक्क कायदा सगळ्या देशाला लागतो, आपल्यालाही. त्यातल्या चार गोष्टी पाठ करून ठेवा.

पहिली. ज्या जमिनीवर तुमचा दावा आहे, त्या दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत तुम्हाला तिथून हटवता येत नाही. हे कलम 4(5). दळीवर दावा टाकलेला असेल तर ती जागा 'मोकळी' म्हणून कुणाला देता येत नाही.

दुसरी. गावाच्या सोयीसाठी वनजमीन द्यायची तर कलम 3(2) मध्ये 13 कामांची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज-टेलिफोनच्या तारा, तळी, पिण्याचं पाणी, पाणी अडवणं, लहान कालवे, सौर-पवन अशी ऊर्जा, कौशल्य शिक्षण, रस्ते, समाजमंदिर. यातही एका कामाला एक हेक्टरपेक्षा जास्त जागा नाही, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. यादी पुन्हा वाचा. यात कचऱ्याचं डम्पिंग नाही. वनजमिनीवर ते करायचं तर 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखाली वरून मंजुरी लागते. चार माणसं नि एक टेप एवढ्यानं ते होत नाही.

तिसरी. कलम 5 ग्रामसभेला अधिकार देतं: जंगल, जनावरं, पाण्याचे स्रोत, पाणलोट राखण्याचा, आणि सामूहिक वनाला बाधा आणणारं काम थांबवण्याचा. याच कायद्याच्या आधारे 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं ओडिशातल्या नियमगिरीचा निर्णय ग्रामसभांवर सोपवला. बारा गावांत सभा झाल्या, बाराच्या बारा गावांनी खाणीला नाही म्हटलं, आणि डोंगर वाचला.

चौथी. ही ग्रामसभा म्हणजे पंचायतीची मोठी ग्रामसभा नव्हे. वनहक्काची ग्रामसभा वाडीची, पाड्याची होऊ शकते. पंचायतीच्या ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातलं जे कमी असेल तेवढे पुरतात. मोठ्या गावातले शंभर लोक बसून वाडीच्या जागेचा ठराव करून मोकळे. वनहक्काच्या ग्रामसभेला मात्र निम्मे सदस्य हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात.

आता नीट ऐका. पंचायतीच्या ग्रामसभा साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला होतात. 26 जानेवारीला आपण कुठं असतो? भट्टीवर. 1 मेला? भट्टीवर. वर्षातल्या दोन सभा आपल्या गैरहजेरीत होतात, आणि जे ठराव नको असतात ते नेमके तेव्हाच पास होतात. आपल्या हातात उरते ती 2 ऑक्टोबर.

जागा वनाची नसली, गुरचरण असली तरीही ती कुणाच्या मर्जीची नाही. गावाच्या सामायिक जमिनी राखा, असं सुप्रीम कोर्टानं 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग खटल्यात सगळ्या राज्यांना बजावलं आहे. आणि घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत सांगितलं होतं, कचरा पुरायची जागा नदीपासून 100 मीटर, तळ्यापासून 200 मीटर, वस्ती आणि पिण्याच्या विहिरीपासून 200 मीटर लांब हवी. दोर घ्या नि मोजा. ते टेप आणतात, आपणही आणू.

आणि आपलं घर?

इथपर्यंत वाचून सगळ्यांना बरं वाटलं असेल. आता थोडं कडू.

म्हातारी म्हणाली, आमचा कचरा राख नि शेण. तिच्या तरुणपणी ते खरं होतं. पालापाचोळा, गवत, शेण शेतात पसरून राब भाजायचा, त्यात रोप टाकायचं. उष्टं-खरकटं कोंबड्यांना. पडलेली कारवी चुलीत. वाडीत 'कचरा' हा शब्दच नव्हता.

आज वाडीच्या मागच्या कुंपणाला जाऊन बघा. तेलाची पिशवी, मिठाची पिशवी, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या. रात्री चिंबोऱ्या धरायला जातो त्या बॅटरीचे सेल. तणनाशकाची बाटली. गोळ्यांची पाकिटं, पाळीचे पॅड. अंगणवाडीतून लेकराला घरी न्यायला मिळणाऱ्या आहाराचं पाकीटसुद्धा. म्हणजे सरकार आहार पाठवतं, पाकीटही पाठवतं, पण पाकीट परत न्यायला कुणी येत नाही. घंटागाडी मोठ्या गावात फिरते, वाडीचा रस्ता कच्चा म्हणून वळत नाही. मग आपण काय करतो? पेटवतो. नाहीतर ओहोळात टाकतो, पुरात जाईल म्हणून. आपला ओहोळ खालच्या वाडीची विहीर आहे, हे विसरतो.

प्लास्टिक पेटवणं म्हणजे विष हवेत सोडणं. पाइप, चपला, वायर यांच्या धुरात छाती जाळणारं आम्ल असतं, आणि डायॉक्सिन नावाचं विष असतं जे राखेत बसतं, गवतावर बसतं, गाईच्या दुधातून पोरापर्यंत येतं. चूल पेटवायला प्लास्टिकचा तुकडा घालायची सवय पुष्कळ घरांत आहे. चुलीजवळ बसते बाई, तिच्या मांडीवर लेकरू. ती सवय आजच सोडा.

आणि हे राजकारणही समजून घ्या. उद्या आपण उभं राहून म्हणू, 'आमच्या झऱ्यावर कचरा नको.' साहेब झऱ्यावर येईल, तिथं आपल्याच गुटख्याच्या पुड्या दाखवेल नि म्हणेल, 'तुम्हीच घाण करता.' मग काय बोलणार? आपलं अंगण झाडलेलं असेल तर आवाज मोठा होतो. गाडगेबाबा आधी झाडू मारायचे आणि मग बोलायचे, ते उगाच नाही.

वाडीवर करता येण्यासारखं

ओला कचरा, शेण, पाला, राख यांचा सवाल सोपा आहे. आपल्याच महाराष्ट्रातले, पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, लोक त्यांना नाडेप काका म्हणत. त्यांनी खताची टाकी काढली: 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भिंतीला हवेची भोकं. पाला, शेण, माती यांचे थर द्यायचे, ओल ठेवायची, वरून लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत. विटा नसतील तर बांबू-कारवीचं कूड करून तेच करा. आयुष्यभर दुसऱ्याच्या विटा पाडल्या, पण स्वतःच्या टाकीला चार विटा नाहीत, अशी आपली गत. कूडही चालतं. दिवाळीआधी थर लावून ठेवलात तर भट्टीवरून परत येईपर्यंत खत तयार असेल. मधे ओल द्यायला वाडीवर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सांगून जा.

सुका कचरा जाळायचा नाही, साठवायचा. वाडीत एक कोरडी जागा, तीन पोती. एका पोत्यात प्लास्टिक, दुसऱ्यात काच-पत्रा, तिसऱ्यात सेल, विषाच्या बाटल्या नि तुटकी विजेची सामानं. हे तिसरं पोतं पोरांच्या हाताला लागणार नाही असं टांगून ठेवा. किती होतं ते वजन करा. समजा घरटी आठवड्याला पाव किलो प्लास्टिक धरलं, चाळीस घरं, तर आठवड्याला 10 किलो, वर्षाला 520 किलो. हा आकडा फक्त हिशेबाचा नमुना आहे, तुमच्या वाडीचा आकडा तुम्ही काढा. आकडा हातात असला की पंचायतीला विचारता येतं: हे पाचशे किलो तुम्ही कधी नेणार? बाटल्या, पत्रा, जाड प्लास्टिक भंगारवाला घेतो. पातळ पिशव्या नि पुड्या तो घेत नाही, त्या पंचायतीनेच न्यायच्या.

लग्नात, देवकार्यात थर्माकोलच्या प्लेटी बंद. महाराष्ट्रात 23 जून 2018 पासून त्यांना बंदीच आहे. आपल्या बाया पळसाच्या, कुड्याच्या पानाची पत्रावळ लावतात. ती वाडीची रीत आणि रोजगारही. कोलाडच्या रिसॉर्टवाल्यांनी आणि पेणच्या मंडळांनी पत्रावळ घ्यावी यासाठी बचत गटांनी बोलावं. त्या तरुणाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे: काम कचरा राखण्यात नाही, कचरा न होऊ देण्यात आहे.

जे साथी पोटासाठी भंगार वेचतात त्यांना कुणी हलकं बोलू नये. गावाचं काम ते फुकटात करतात. त्यांना पंचायतीनं हातमोजे, बूट, ओळखपत्र द्यावं, आणि पोरांना त्या ढिगावर नाही, शाळेत पाठवावं.

पंचायतीचं काम, पंचायतीचा पैसा

'पैसा नाही' असं कुणी सांगितलं तर पुढचं वाचून दाखवा.

2016 च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत ग्रामपंचायतीची जबाबदारी स्पष्ट लिहिली आहे: प्लास्टिक वेगळं करणं, गोळा करणं, साठवणं, नेणं आणि उघड्यावर जाळू न देणं. पंचायतीच्या हद्दीत वाडी येते. मत मागायला वाडी हद्दीत येते, तर कचरा उचलायलाही येते. त्याच नियमांत पुड्या-पिशव्या बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवरही ते प्लास्टिक परत गोळा करायची जबाबदारी टाकली आहे.

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत तरतूद होती. 3,000 लोकसंख्या असेल तर 1,80,000 रुपये. प्लास्टिकसाठी तालुक्याला 16 लाखांपर्यंत वेगळे. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात 2021-22 पासून 60 टक्के रक्कम बांधलेली: निम्मी स्वच्छतेला, निम्मी पाण्याला. हा पैसा आपल्या पंचायतीला किती आला, कुठं गेला, त्यातला वाडीवर किती आला? ग्रामसभेत विचारा. तोंडी उत्तर नको. माहितीच्या अधिकारात लेखी मागा.

आणि 'डम्पिंगशिवाय उपाय नाही' असं म्हणतील तेव्हा कोकणचीच गोष्ट सांगा. सिंधुदुर्गात वेंगुर्ला नगरपरिषदेनं, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, घराघरातून कचरा वेगवेगळा करून घेतला. ओल्याचा गॅस नि खत केलं, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरलं, आणि जुन्या कचराडेपोची जागा लोकांनी बघायला यावी अशी केली. पुढं तेच काम आपल्या जिल्ह्यात, कर्जतला झालं. मग पेणला, रोह्याला, हायवेच्या पंचायतींना का जमू नये? कचरा जिथं होतो तिथंच वेगळा करायचा, तिथंच जिरवायचा. एवढं केलं तर डोंगरात ढीग लागत नाही. आपण कचऱ्याच्या शेडच्या विरोधात नाही. शेड हवं, पण बाजारपेठेत, रिसॉर्टच्या आवारात, इमारतीच्या मागं. झऱ्याच्या डोक्यावर नको.

तर आता काय करायचं?

1. दिवाळीआधी, भट्टीची उचल घेण्याआधी, प्रत्येक वाडीनं वनहक्काची ग्रामसभा घ्यायची. निम्मी माणसं, बायांची संख्या पुरी, सह्या-अंगठे नि तारीख असलेली वही. ठराव असा: आमच्या दळी, सामूहिक वन, गुरचरण आणि पाणवठ्याच्या वर कचरा टाकण्यास, पुरण्यास, जाळण्यास आमची संमती नाही.

2. 2 ऑक्टोबरच्या पंचायतीच्या ग्रामसभेला वाडीतून घरटी एक माणूस गेलंच पाहिजे. ठराव वाचून दाखवायचा, कार्यवृत्तात नोंद झाली की नाही ते सही करण्याआधी बघायचं. न वाचता कोऱ्या वहीवर अंगठा नाही.

3. त्याच सभेत मागणी: महिन्यातून दोनदा वाडीचं सुकं गोळा करायला गाडी, आणि स्वच्छतेच्या पैशाचा हिशेब.

4. ज्या वाडीवर मोजणी झाली असेल तिनं दाव्याच्या पावतीच्या प्रती काढून ठेवाव्यात आणि संघटनेला कळवावं. एकट्यानं कुणाशी वाद घालू नये, दगड उपटू नये. आपला दगड कागदाचा आहे, तो ठेवावा.

5. वाडीत पोती टांगायची, खताचा एक तरी थर लावायचा. हे काम आज सुरू होतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

साथींनो, 25 सप्टेंबर जवळ आला. 1930 साली याच दिवशी उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. त्यात गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं मेली, आणि त्या हुतात्म्यांत नाग्या कातकरी होता. त्यांचं मागणं मोठं नव्हतं: जंगल आमचं आहे, त्यातली लाकूडफाटी आम्हाला घेऊ द्या. आज शंभर वर्षं होत आली. तेव्हा जंगलातून काही आणू देत नव्हते. आता जंगलात आपलं नसलेलं काहीही आणून टाकायला निघालेत. दोन्ही वेळा प्रश्न एकच आहे, या जमिनीचं काय करायचं ते कोण ठरवणार.

ज्या वाडीवरून निरोप आला, तिथल्या बायांनी बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी झऱ्याचा गाळ काढला, कडेच्या पुड्या-बाटल्या वेचून पोत्यात भरल्या, आणि ते पोतं पंचायतीच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. पोच मागितली. शिपाई हसला, पण ग्रामसेवकानं पोच दिली. आणि तो रखवालीचं विचारणारा तरुण? पोतं डोक्यावर घेऊन तोच पुढं चालत होता.

2 ऑक्टोबरला भेटू. झऱ्याचं पाणी बाटलीत भरून आणा. सभेत ठेवा, म्हणजे बोलणं कशाबद्दल चाललंय ते सगळ्यांना दिसेल.

जिंदाबाद!